पोह्यांनंतर १९२ आली, म्हणजे डायबेटिस झाला का?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचं वय ४१, उंची ५ फूट ६ इंच, वजन ६४ किलो. वडिलांना डायबेटिस. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी साखर ९८ आणि एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.८ आलं, म्हणून त्यांनी घरी ग्लुकोमीटर आणला. जेवल्यावर तासाभराने १७२, दोन तासांनी १३६. एका रविवारी पोहे खाऊन तासाने पाहिली तर १९२. घाबरून लॅबमध्ये फास्टिंग इन्सुलिन करून घेतलं, ते १४ आलं. मेहुणे म्हणतात, हा डायबेटिसच. फॅमिली डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही, ते मशीन कपाटात ठेवा. स्वतः ते विचारतात, ‘मी जाड नाही, मग मला इन्सुलिन रेझिस्टन्स कसा असेल?’ आणि जाता जाता आणखी एक: बायकोला दुसऱ्या बाळंतपणात शुगर निघाली होती, तिचीही याच मशीनवर तपासली तर चालेल का?

सांगली जिल्ह्यात मी सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. माझे निम्म्याहून जास्त पेशंट शुगरचे. त्या अनुभवावरून लिहितो. तुम्हाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे गोळी सुरू करायची की नाही हा निर्णय तुमच्या डॉक्टरांकडेच राहू द्या.

आधी सरळ उत्तर. मेहुण्यांचं चुकलंय आणि डॉक्टरांचं अर्धंच बरोबर आहे. डायबेटिस म्हणायला उपाशीपोटी १२६, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २००, किंवा एचबीएवनसी ६.५ लागतं. लक्षणं काही नसतील तर एकदा आलेला आकडा दुसऱ्या तपासणीने पक्का करावा लागतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. पण ५.७ ते ६.४ हा एचबीएवनसीचा पट्टा प्रीडायबेटिसचा, म्हणजे डायबेटिसच्या अलीकडच्या पायरीचा, धरतात. त्याच्या उंबऱ्याच्या आत तुमचं एक पाऊल पडलेलं आहे आणि वडिलांचा वारसाही आहे. ‘काही झालेलं नाही’ म्हणून मी तुम्हाला घरी पाठवलं नसतं.

खरा घोळ वेगळाच आहे. तुम्ही चार वेगवेगळ्या परीक्षांचे मार्क एकाच पट्टीने मोजताय. उपाशीपोटीची साखर रात्रभर तुमच्या यकृताने काय केलं ते सांगते. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. जेवणानंतरची साखर समोरच्या ताटाला शरीराने कसं तोंड दिलं ते सांगते. आणि इन्सुलिनचा आकडा, तो नीट वाचता आला तर, त्यासाठी किती मेहनत पडली ते सांगतो. निदानाच्या वर दिलेल्या रेघा लॅबमध्ये शिरेतून काढलेल्या रक्ताच्या आहेत. बोटाला टोचून आलेली १९२ त्यांच्या शेजारी ठेवताच येत नाही.

कारण साधं आहे. बोटाच्या टोकाला येणारं रक्त अजून पेशींना साखर देत असतं, शिरेतलं रक्त देऊन परत निघालेलं असतं. उपाशीपोटी दोन्हींत फारसा फरक नसतो, पण जेवल्यानंतर बोटातली साखर पंधरा-वीसने, कधी त्याहूनही जास्त असते. शिवाय मशीनची स्वतःची चूक असते. ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे तुमच्या १७२ चा अर्थ, मशीन अगदी उत्तम असलं तरी, १४६ ते १९८ मध्ये कुठेतरी. मशीन खराब आहे असं मी म्हणत नाही. त्याचं काम वेगळं आहे, आणि त्यावर पुढे येतोच.

हात धुण्याचंही सांगून टाकतो, कारण मे महिन्यात हमखास घडतं. एक बाई धावत दवाखान्यात आल्या. घरच्या मशीनवर ३१० आली होती, डोळ्यांत पाणी. दवाखान्यातल्या मशीनवर पाहिली तर १४२. घरी काय करत होता विचारलं, तर आमरसासाठी आंबे पिळत होत्या आणि पदराला हात पुसून बोट टोचलं होतं. बोटावरचा रसाचा पातळ थर एवढा गोंधळ घालतो, आणि स्पिरिटचा बोळा फिरवून तो नीट जात नाही. साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, बोट फार पिळायचं नाही. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावायचं. कोकणात किंवा पावसाळ्यात दमट हवेने स्ट्रिप बिघडतात आणि माणूस उगाच स्वतःच्या शरीराला दोष देतो.

आता पोहे. तुमच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त आहे. साखर १०० असताना त्या सगळ्या रक्तात मिळून पाचेक ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा ग्लुकोज असतं. एवढंच! बशीभरून पोहे करायला ऐंशी ग्रॅम कोरडे पोहे घेतले तर त्यात साठेक ग्रॅम स्टार्च आला, म्हणजे असे बारा चमचे. ते तास-दोन तासांत एका चमच्याच्या जागेतून पार करायचे आहेत, आणि तेही रक्तातली पातळी फारशी हलू न देता. निरोगी माणसाचीही साखर काही मिनिटं १४० च्या वर जाऊन येते. त्यामुळे तासाभराची १९२ पाहून दचकण्यापेक्षा मला पुढचा आकडा हवा होता. दोन तासांनी किती? पोह्यांच्या दिवशी तुम्ही तो घेतलाच नाही. जेवणाच्या दिवशी मात्र १७२ वरून १३६ वर उतरली, म्हणजे शरीराला काम जमतंय. ते किती कष्टाने जमतंय, हा खरा प्रश्न, आणि इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात तो हाच.

पेशंटना मी हे असं सांगतो. घरातल्या आजोबांना ऐकू कमी येतं. म्हणून सगळं घर त्यांच्याशी ओरडून बोलतं. ‘आजोबा, जेवायला चला’ हे चौथ्या आवाजाला पोचतं, पण पोचतं. आजोबा ताटावर वेळेवर येतात. दारावरून जाणाऱ्याने नुसते ताटावर बसलेले आजोबा पाहिले तर त्याला वाटेल, सगळं ठीक आहे. नॉर्मल दिसणारी साखर म्हणजे आजोबांचं वेळेवर ताटावर येणं. इन्सुलिन म्हणजे तो आवाज. स्नायू आणि यकृत ऐकेनासे होतात तेव्हा स्वादुपिंड आवाज वाढवतं, आणि वर्षानुवर्षं साखर नॉर्मल दिसत राहते. मग कधीतरी घसा बसायला लागतो. आधी जेवणानंतरचा चटकन येणारा आवाज जातो, म्हणजे साखर चढते जास्त आणि उतरते उशिरा. नंतर यकृतही रात्री कुणाचं ऐकत नाही, साखर सोडत राहतं, आणि उपाशीपोटीचा आकडा वाढतो. बऱ्याच जणांत क्रम असा असतो. काहींत सकाळची आधी वाढते, तेव्हा हा क्रम दगडावरची रेघ समजू नका.

ही गोष्ट पूर्वी डॉक्टरांनाही सहसा दिसत नव्हती, कारण रक्तातलं इन्सुलिन नीट मोजताच येत नव्हतं. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी ते रक्तात मोजून दाखवलं. त्या पद्धतीसाठी यालोंना १९७७ चं नोबेल मिळालं. मोठ्या वयात डायबेटिस झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर निघालं, तेव्हा सगळेच चक्रावले. इन्सुलिनची कमतरता म्हणजेच डायबेटिस, एवढं सोपं ते राहिलं नाही.

‘मी जाड नाही’ यावर येतो, कारण हे उत्तर आपल्या पुण्यातूनच आलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एक मॅरेथॉन धावणारा. दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे, त्यांनीच गमतीने लिहिलंय, रोज सकाळी हॉस्पिटलची लिफ्ट बंद व्हायच्या आत गाठणं. वजनकाट्याला दोघे सारखेच. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास केला, तेव्हा बाळं वजनाने इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण चरबी त्या मानाने टिकून आणि स्नायू कमी, असं दिसलं. हातपाय बारीक आणि पोट पुढे, हे आपल्याकडे पाळण्यापासून सुरू होतं.

तुमचा बीएमआय २२.८ येतो. कागदावर छान. पण कंबर किती? पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाच्या खाली बांधतो. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आडवा धरून मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेली की मी कान टवकारतो. मानेची मागची बाजू काळवंडून मखमलीसारखी झालीय का, रक्तातल्या चरबीच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेलं आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी आहे का, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहिलंय का, हेही पाहा. यातलं दोन-तीन जुळलं तर फास्टिंग इन्सुलिन न करताही मला रेझिस्टन्सचा अंदाज येतो.

दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत महाराष्ट्रात पसरल्यापासून फास्टिंग इन्सुलिन हा शब्द घरोघरी गेला आहे. लोक रिपोर्ट फडकवत येतात. तुमचा हिशेब करू: उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. म्हणजे ९८ गुणिले १४ भागिले ४०५, आलं साधारण ३.४. याला होमा म्हणतात. बरेच जण अडीचच्या आसपास रेघ ओढतात, त्या मानाने तुमचं जास्त आहे. पण सगळ्यांनी मान्य केलेली एक रेघ नाही, आणि दोन लॅबमधलं इन्सुलिन एकमेकांशी जुळेलच असं नाही. तेव्हा रेझिस्टन्सकडे बोट दाखवणारा एक पुरावा म्हणून तो ठेवा, दर महिन्याला पैसे घालून त्याचा पाठलाग करू नका.

इथपर्यंतचं थोडक्यात: डायबेटिस नाही, रेझिस्टन्सची शक्यता बरीच, आणि बारीक असणं हा त्यावरचा बचाव नाही.

तर मशीन कपाटात ठेवायचं का? मी म्हणेन, दोन आठवडे बाहेर राहू द्या, पण जोडीने तपासा. पहिल्या घासाच्या आधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. लोक हात धुतल्यापासून घड्याळ लावतात, तिथे अर्धा तास जातो. एकटा आकडा मुका असतो. दोन तासांनी १५० आली, पण जेवायच्या आधीच १२५ होती, तर ताटाने फक्त २५ चढवली, आणि शोध आधीच्या चहा-बिस्किटांत घ्यायला हवा. एका दिवशी एकच जेवण तपासा. तेच जेवण चार दिवसांनी पुन्हा, एकच गोष्ट बदलून. पोहे निम्मे आणि सोबत दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ. किंवा पोहे तेवढेच, पण खाल्ल्यावर लगेच पंधरा मिनिटं चालणं. दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

मार्केट यार्डातले एक अडते माझे जुने पेशंट. त्यांनी शुगरची चक्क लाल कापडी खतावणी केली होती, डावीकडे काय खाल्लं, उजवीकडे आकडा. रोज रात्री भाकरी, भाजी, आमटी, आणि आकडे दीडशेच्या आसपास. मधेच २३०. महिन्यातून एकदा, नेमाने. मला वाटलं लग्नकार्य. त्यांनी पंचांग दाखवलं: संकष्टी. दिवसभर उपास, चंद्रोदयाला साडेनऊ वाजलेले, मग साबुदाण्याची खिचडी पोटभर, वर रताळ्याचा किस, आणि दहा वाजता अंथरुणावर. दुसऱ्या सकाळची साखरही चढलेली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दाण्याचं कूट आणि तूप त्याची चढण थोडी लांबवतात, पण टाळत नाहीत. उपास सोडा असं मी म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी ते सोडणार नव्हते. आधी ताक आणि काकडीची कोशिंबीर, खिचडी एक वाटी, आणि चंद्र पाहायला गच्चीवर जातातच तर खाऊन झाल्यावर तिथेच पंधरा मिनिटं फेऱ्या. पुढच्या संकष्टीला १७४. हे त्यांचं. तुमचं काय येईल ते तुमची वही सांगेल. एकाच भाकरीने दोन सख्ख्या भावांची साखर वेगळी चढताना मी पाहिली आहे.

चालण्यावर माझा एवढा भर का? स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनच्या हाकेची वाट न पाहता साखर आत घेतात. आजोबांना हाक मारायची गरजच उरत नाही, ते स्वतः उठून ताटावर येतात. जेवणाची साखर रक्तात उतरत असतानाच पाय हलले की फायदा सगळ्यात जास्त. पहाटे टेकडीवर तासभर जाऊन दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना हे सांगितलं की ते नाराज होतात. टेकडी चालू ठेवा, पण जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं वेगळी. आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, वजनं, जे काही मांड्यांना दमवेल ते. तुमच्यासारख्या कमी स्नायूवाल्या माणसाला वजन उतरवण्यापेक्षा स्नायू वाढवणं आणि कंबर दोन इंच कमी करणं जास्त उपयोगी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रीडायबेटिसच्या भारतीयांनी खाणं आणि चालणं सुधारलं, तर तीन वर्षांत डायबेटिस होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि त्यात वजन फारसं उतरलंही नव्हतं.

आकडे कशाकशाने हलतात तेही लक्षात ठेवा. झोप अपुरी, सर्दी-ताप, रात्रपाळी, गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, या सगळ्यांनी काही दिवस साखर चढलेली राहते. एक फसवं कारण आणखी. महिनाभर भात-पोळी जवळजवळ बंद ठेवून माणूस एखाद्या लग्नात जेवतो आणि तपासतो, आकडा भलताच येतो. शरीराची स्टार्चची सवय मोडलेली असते, तो आकडा त्या महिन्याचा असतो. एचबीएवनसीही पंचाच्या खुर्चीत बसवू नका. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात ते उगाच वर दिसू शकतं, आणि नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल असणाऱ्यांत तर त्यावर विसंबताच येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर एकदा लॅबमध्ये पूर्ण ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट केली असती. तीन दिवस नेहमीसारखं, भात-पोळीसकट जेवायचं. रात्रभर उपाशी. सकाळी एक नमुना, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच मिनिटांत प्यायचं, आणि एका तासाने व दोन तासांनी नमुने. मधल्या वेळात गप्प बसायचं, फेऱ्या मारायच्या नाहीत. दोन तासांचा १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ प्रीडायबेटिस. आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने २०२४ मध्ये एका तासाचा आकडाही महत्त्वाचा मानला आहे, १५५ किंवा त्याच्या पुढे गेला तर धोक्याची खूण. नुसती ‘पीपी’, म्हणजे काहीतरी खाऊन दोन तासांनी केलेली तपासणी, नको. तिच्यासाठी कुणी दोन मारी बिस्किटं खाऊन येतो, कुणी लॅबखालच्या हॉटेलात मिसळ आणि चार पाव, आणि दोघांच्या रिपोर्टवर नॉर्मलची रेघ एकच छापलेली असते. तहान वाढली, वजन आपोआप उतरायला लागलं, रात्री लघवीला उठावं लागलं, तर मात्र यातल्या कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो तुम्ही सहज विचारलात. मशीन चालेल, पण टोचायचं पेन आणि सुई प्रत्येकाची वेगळी हवी, नवरा-बायको असला तरी. आणि खरं सांगू? या घरात आधी तपासायला हवं ते तुमच्या मिसेसना. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढे डायबेटिस होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी त्यांची ग्लुकोज पिऊन चाचणी व्हायला हवी होती. बाळाच्या लसी, रात्रीची जागरणं, कामावर परतण्याची घाई, यात ती बहुतेकींची राहूनच जाते. झाली नसेल तर तुमच्या टेस्टच्या दिवशी दोघेही उपाशीपोटी लॅबमध्ये जा. त्यांची नॉर्मल आली तरी ती एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची असते. फाइलवर पुढची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.